प्राणहिता-गोदावरीवरील जुनीं जलमार्ग-बांधकामें व त्यांच्या परीक्षणाचीं अंकीय साधनें

१. विषयप्रवेश

बंदर म्हटलें कीं मुंबई, चौल, विजयदुर्ग, वेंगुर्लें हीं नांवें वाचकांच्या मनांत उभीं राहतात. एटापल्लीचें नांव कोणास स्मरणार नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांतील हा तालुका सागवानाचें रान, सुरजागडचें लोहखनिज व माडिया गोंडांची वस्ती यांसाठीं प्रसिद्ध असून समुद्र तेथून दोनशें मैलांहून अधिक दूर आहे. तथापि पूर्वींच्या अहेरी जमीनदारींतील या मुलखाच्या पश्चिमेस प्राणहिता वाहते, एटापल्लीच्या रानांतून येणारी बांडिया नदी इंद्रावतीस मिळते, आणि या सर्वांचें पाणी अखेर सिरोंच्याच्या आसपास गोदावरींत जातें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याच नद्यांतून समुद्रापासून थेट वर्धा-वैनगंगेपर्यंत नौका चालविण्याचा एक मोठा उद्योग सरकारनें आरंभिला होता. तो तडीस गेला असता तर सिरोंचा हें आज नदीबंदर म्हणून ओळखलें गेलें असतें.

जुनीं बंदरें, गोद्या, धक्के व बंधारे यांची तपासणी व दुरुस्ती करण्यासाठीं हल्लीं अंकीय, म्हणजे ज्यांस डिजिटल म्हणतात तीं, साधनें सर्व जगांत वापरांत आलीं आहेत. हीं साधनें काय सांगूं शकतात, काय सांगूं शकत नाहींत, आणि त्यांच्या कामांत जुन्या कागदांच्या संग्राहकांस कोणतें स्थान आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत वरील नदीमार्गाच्या अनुषंगानें करावयाचा आहे. इंजिनियरीचा विषय इतिहासाच्या त्रैमासिकांत कशाला, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर असें कीं, जुनें बांधकाम हाही एक लेखच होय. त्याचीं पानें गळतात, त्यास कसर लागते, त्यांत मागाहून कोणीतरी ओळी घालतो, आणि तो वाचण्यास शास्त्र लागतें.

२. योजनेचा इतिहास

सर आर्थर कॉटन यांनीं धवळेश्वर येथें गोदावरीवर १८४७ ते १८५२ च्या दरम्यान मोठा बंधारा बांधविला, व त्यामुळें त्रिभुजप्रदेशांतील कालव्यांतून शेतीस पाणी व नौकांस वाट अशीं दोन्ही कामें साधलीं. तेव्हां साहजिकच त्यांची दृष्टि नदीच्या वरच्या अंगाकडे वळली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या तांड्यांवरून डोंगर ओलांडून मुंबईस जात असे. तोच प्राणहितेंतून व गोदावरींतून काकिनाड्याच्या बंदरास उतरविला तर वाहतुकीचा खर्च अगदीं थोडा पडेल, असा त्यांचा हिशेब होता.

अडचण ही कीं, नदीचें पात्र सर्वत्र सारखें नाहीं. तीन ठिकाणीं खडकांच्या रांगा पात्रांत आडव्या आल्या आहेत. त्या काळच्या कागदपत्रांत यांस पहिला, दुसरा व तिसरा अडथळा असें म्हटलेलें असतें. पहिला दुम्मुगुडेम येथें, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखालीं इंचमपल्लीजवळ, आणि तिसरा प्राणहितेवर अहेरीकडील देवलमारीजवळ. प्रत्येक अडथळ्यावर उपाय एकाच जातीचा योजिला होता : पात्रांत बंधारा घालून पाणी उंचवावयाचें, खडकांस वळसा देणारा कालवा किनाऱ्यानें खणावयाचा, आणि त्या कालव्यांत दोन दरवाजांच्या दगडी कोठ्या बांधून नौका एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवावयाच्या. या कोठीस इंजिनियर लोक लॉक म्हणतात.

या कामावर कॅप्टन हेग यांची नेमणूक झाली होती. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनींही १८६३ सालीं या नदीच्या नौकानयनाविषयीं रिपोर्ट लिहून योजनेचा पुरस्कार केला. त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवीमुळें लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, व त्यामुळें हिंदुस्थानच्या कापसाच्या वाटेस विलक्षण महत्त्व आलें. निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके १८६० सालीं मिळाल्यावर अपर गोदावरी नांवाचा स्वतंत्र जिल्हा करून सिरोंचा हें त्याचें ठाणें ठरविण्यांत आलें. सिरोंच्याजवळील ग्लासफोर्डपेठा हें गांवाचें नांव त्या काळचे तेथील डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड यांची आठवण आजही देतें.

पुढें योजनेस दैव अनुकूल राहिलें नाहीं. अमेरिकेंतील युद्ध १८६५ मध्यें संपलें. लोहमार्ग १८६७ मध्यें नागपुरास पोंचला. आणि १८७१ मध्यें सरकारनें हें काम अपुरेंच थांबविलें. १८७४ सालीं अपर गोदावरी जिल्हाही मोडण्यांत येऊन भद्राचलम व रेकापल्ली हे तालुके मद्रास इलाख्याकडे गेले व सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडला गेला. दुम्मुगुडेमचा बंधारा मात्र आजही उभा आहे.

३. हा प्रश्न आजचा कां

सोडून दिलेल्या योजनेचे अवशेष मोजण्याची आजच घाई काय, असें विचारल्यास तीन कारणें देतां येतात.

पहिलें कारण कायद्याचें. राष्ट्रीय जलमार्ग कायदा, २०१६, याअन्वयें देशांतील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित झाले; त्यांत वैनगंगा-प्राणहिता हा १०९ क्रमांकाचा जलमार्ग आहे. म्हणजे कॉटन व हेग यांनीं मांडलेला प्रश्न दीडशें वर्षांनीं पुनः सरकारी दप्तरांत आला आहे, आणि पात्रांत कोठें किती पाणी किती महिने राहतें याविषयींचीं त्यांचीं जुनीं मापें केवळ कुतूहलाचा विषय राहिलेलीं नाहींत.

दुसरें कारण बुडिताचें. इंचमपल्लीच्या परिसरांत मोठें धरण बांधण्याची योजना गोदावरी जलतंट्याच्या १९८० च्या निवाड्यापासून चर्चेंत असून गोदावरी-कावेरी जोडप्रकल्पाच्या निमित्तानें ती पुनः पुढें आलेली आहे. तें धरण झाल्यास दुसऱ्या अडथळ्याचा प्रदेश पाण्याखालीं जाईल. पाण्याखालीं गेलेलें बांधकाम नष्टच होतें असें नाहीं. पण त्याचें मोजमाप दसपट कठीण होतें.

तिसरें कारण सर्वांत साधें. घडीव दगड हा खेड्यांतील माणसास आयता मिळालेला माल असतो. ज्या बांधकामास कोणी धनी नाहीं, त्याचे चिरे विहिरीच्या कठड्यास, घराच्या जोत्यास अगर रस्त्याच्या मोरीस लागतात. यांत गांवकऱ्यांचा दोष नाहीं. त्या दगडांस कांहीं अर्थ आहे हें त्यांस कोणी सांगितलेलेंच नसतें.

४. जलबांधकाम कशानें जीर्ण होतें

साधनांचा विचार करण्यापूर्वीं रोगाचा विचार करणें अवश्य आहे. पाण्यांतील दगडी बांधकामाचे तीन भाग मानावे : पाण्यावरचा, पाण्याखालचा आणि तळाखालचा. पाण्यावरच्या भागास ऊन, पाऊस व झाडांचीं मुळें पीडा देतात. पिंपळाचें एक रोप दोन चिऱ्यांमध्यें रुजलें तर कालांतरानें तें चिरा सरकवितें. पाण्याखालच्या भागांत वाहतें पाणी सांध्यांतील चुना हळूहळू विरघळवून नेतें. बाहेरून दगड जागच्या जागीं दिसतो, पण आंतील भर पोकळ झालेली असते. तळाखालच्या भागाचा नाश सर्वांत भयंकर, कारण तो दिसतच नाहीं. पाणी बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस दाबून असतें, तें तळाच्या वाळूंतून वाट काढतें, व जातांना वाळूचा कण कण बरोबर नेतें. एके दिवशीं वरचें बांधकाम निराधार होऊन खचतें.

समुद्रावरच्या बंदरांत यांत आणखी दोन शत्रूंची भर पडते : खारें पाणी आणि लांकूड पोंखरणारे जीव. लोखंड घातलेल्या अर्वाचीन कॉंक्रीटमध्यें खार आंत मुरून लोखंड गंजतें, गंज फुगतो व कॉंक्रीट फुटतें. गोदावरीखोऱ्यांतील जुनीं बांधकामें दगड-चुन्याचीं व गोड्या पाण्यांतील असल्यानें त्यांस हा रोग नाहीं. परंतु पुराचा मारा त्यांस जबर आहे. म्हणून बंदरांसाठीं तयार झालेलीं साधनें येथें आणतांना कोणतें कोठें लागू पडतें याचा विवेक ठेवावा लागतो.

५. साधनें व त्यांचीं तत्त्वें

(अ) जुन्या नकाशांची जोडणी. पहिलें साधन यंत्र नव्हे, कागद होय. जुना नकाशा सूक्ष्म प्रतिमाग्राहकानें टिपून संगणकावर घ्यावयाचा आणि त्यावरील निश्चित खुणा, उदाहरणार्थ देवळाचें शिखर, खडकाचें टोंक, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा दगड, यांस आजचे अक्षांश-रेखांश द्यावयाचे, म्हणजे सबंध नकाशा आजच्या भूमीवर बसतो. यांत एक खांचखळगा आहे. हिंदुस्थानचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांनीं १८३० सालीं ठरविलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, व आजचीं उपग्रहयंत्रें निराळा आकार धरतात. ही दुरुस्ती न करतां अंक तसेच उतरविले तर या भागांत जागा शंभर मीटरांहून अधिक चुकते, आणि बंधारा शोधावयास गेलेला मनुष्य पळसाच्या झाडींत उभा राहतो.

(आ) छायाचित्रमापन. माणसास दोन डोळ्यांमुळें खोली कळते; त्याच तत्त्वानें एका वस्तूचीं अनेक जागांहून घेतलेलीं छायाचित्रें संगणक जुळवितो व तिचा त्रिमितीय आकार उभा करतो. हीं छायाचित्रें परस्परांवर सत्तर-ऐंशीं टक्के चढलेलीं असावीं लागतात. ड्रोन म्हणजे वैमानिकरहित लहान विमान, त्यानें हें काम फार सोपें केलें आहे. सामान्य कॅमेरा ३० मीटर उंचीवरून नेल्यास चित्रांतील एक बिंदु जमिनीवरील सुमारें ८ मिलिमीटरांएवढा असतो. म्हणजे त्याहून बारीक भेग वरून पाहून निश्चित सांगतां येत नाहीं, त्यास जवळ जावें लागतें. ड्रोन उडविण्यास २०२१ च्या नियमांचें बंधन आहे, आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत स्थानिक अधिकाऱ्यांच्या पूर्वसंमतीवांचून तो उडवूं नये हें सांगणें नलगे.

(इ) लेसर-मापन. यंत्रांतून प्रकाशाचा किरण निघतो, भिंतीवर आपटून परततो, व जाण्यायेण्याच्या वेळावरून अंतर निघतें. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागांत ३० सेंटिमीटर जातो. तेव्हां एक सेंटिमीटरपर्यंत अंतर अचूक काढावयाचें तर त्या अब्जांशाचाही सुमारें पंधरावा भाग मोजतां आला पाहिजे. असे लक्षावधि किरण टाकून भिंतीचा बिंदुमय ठसा मिळतो. आज एक ठसा घ्यावा व दोन पावसाळ्यांनंतर दुसरा घ्यावा. दोहोंची वजाबाकी केली म्हणजे कोणता चिरा किती सरकला तें दिसतें. बांधकामाचें वय त्याच्या बांधणीच्या सालावरून मोजण्यापेक्षां त्याच्या हालचालीवरून मोजणें अधिक उपयोगाचें, हें तत्त्व या साधनानें व्यवहारांत आणलें.

(ई) ध्वनिमापन. पाण्याखालीं प्रकाश फार जात नाहीं, ध्वनि जातो. पूर्वींचे खलाशी दोरास शिसाचा गोळा बांधून पाण्याचा ठाव घेत; आतां होडीच्या तळाशीं बसविलेलें यंत्र ध्वनीचा ठोका सोडतें व प्रतिध्वनीची वाट पाहतें. एकच ठोका सोडणारें यंत्र नुसती खोली सांगतें. पंख्यासारखे अनेक ठोके सोडणारें यंत्र तळाचा पट्टाच्या पट्टा मोजतें. आणि बाजूस ध्वनि टाकणारें यंत्र तळावरील वस्तूंच्या सावल्या दाखवून जणूं छायाचित्रच देतें. येथेंही एक सावधगिरी आहे. २० अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यांत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें १४८२ मीटर असतो. समुद्रासाठीं १५०० चा आंकडा बसवून ठेवलेलें यंत्र तसेंच प्राणहितेंत आणलें तर १० मीटर खोलीस सुमारें १२ सेंटिमीटरांची चूक होईल. लॉकच्या उंबऱ्याची उंची ठरवितांना ही चूक क्षम्य नाहीं.

(उ) भूवेधी रडार व विद्युत्‌-रोधमापन. भिंतीच्या किंवा जमिनीच्या आंत पाहण्यासाठीं रेडिओ-लहरींचा ठोका आंत सोडतात. दगड, पोकळी व पाणी यांच्या सीमेवरून तो परततो. कोरड्या दगडांत ही लहर ज्या वेगानें जाते त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी वेगानें ती पाण्यांत जाते. त्यामुळें भिंत कोरडी कीं ओली हें न पाहतां काढलेली खोली विश्वसनीय नसते. खाऱ्या पाण्यांत तर लहर तेव्हांच जिरून जाते, म्हणून समुद्रकांठच्या धक्क्यांवर या साधनाचा उपयोग मर्यादित आहे. गोड्या नदीच्या कांठीं तें अधिक कामास येतें. जेथें रडार थकतें तेथें जमिनींत खिळे रोवून वीज सोडतात व तिला होणारा विरोध मोजतात; त्यावरून ओली वाळू, चिकणमाती व खडक यांचे थर वेगळे करतां येतात.

(ऊ) संवेदक व उपग्रह. भेगेवर बसविलेलें लहानसें मापक, झुकाव सांगणारें यंत्र, पाण्याच्या दाबाची नळी, हीं आपापलीं वाचनें तारेवांचून दूरच्या कचेरींत पोंचवितात. उपग्रहावरील रडारही एकाच जागेचीं पुनःपुनः निरीक्षणें घेऊन जमिनीची मिलिमीटरांत मोजण्याजोगी हालचाल दाखवितें. भारत व अमेरिका यांनीं मिळून सिद्ध केलेला निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडण्यांत आला. तो दर १२ दिवसांनीं त्याच मार्गानें परत येतो. मात्र दाट रानानें झांकलेलें लहान बांधकाम उपग्रहास नीट दिसत नाहीं. तेथें मनुष्याचा पायच जावा लागतो.

६. मेडिगड्डाचा धडा

या भागांत नव्या बांधकामानेंही एक मोठा धडा शिकविला आहे. सिरोंचा तालुका व तेलंगणांतील भूपालपल्ली जिल्हा यांच्यामध्यें गोदावरीवर मेडिगड्डा येथें ८५ दरवाजांचा बंधारा बांधण्यांत आला व २१ जून २०१९ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. २१ ऑक्टोबर २०२३ रोजीं, म्हणजे पुरतीं पांच वर्षेंही झालीं नसतां, त्याच्या सातव्या विभागांतील कांहीं खांब खचले. धरण-सुरक्षा कायदा, २०२१, याअन्वयें स्थापन झालेल्या राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीनें पाहणी केली, तेव्हां पायाखालची वाळू वाहून गेल्याकडे तिनें बोट दाखविलें. वर चौथ्या परिच्छेदांत तळाखालच्या नाशाचें जें वर्णन केलें तेंच हें.

यावरून दोन गोष्टी निघतात. जीर्णता ही वयाची बाब नव्हे. तळ न पाहिलेलें नवें बांधकाम जुन्याहून लवकर म्हातारें होतें. दुसरी गोष्ट, या नदीच्या वाळूचा स्वभाव जाणून घेण्यासाठीं दीडशें वर्षांपूर्वीं याच पात्रांत उतरलेल्या लोकांच्या नोंदी आजच्या इंजिनियरांस वाचनीय ठराव्यात. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत्‌ संशोधन केंद्र १९१६ पासून नद्या व बंदरें यांचा अभ्यास करीत आलें आहे. अशा संस्थेचें शास्त्र आणि आपल्या दप्तरांतील जुने कागद यांची गांठ पडणें दोघांच्याही हिताचें आहे.

७. समुद्रावरील दोन दाखले

अंकीय साधन कोठें थांबतें हें विजयदुर्गच्या दाखल्यावरून चांगलें कळतें. वाघोटणच्या खाडींत गिर्ये गांवाजवळ आंग्र्यांच्या वेळची गोदी आहे; तिचीं मापें सुमारें ३५५ फूट लांब व २२७ फूट रुंद अशीं नमूद झालेलीं आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं या परिसराची पाहणी केली. गोदीविषयीं कागदाचा व परंपरेचा आधार असल्यानें तेथें मापें घेतलीं कीं अर्थही लागतो. परंतु किल्ल्याजवळ समुद्रांत जी बुडालेली भिंत सांगतात तिच्याविषयीं, ती माणसानें रचली कीं निसर्गानें, यावर अभ्यासकांचें एकमत झालेलें नाहीं. ध्वनियंत्र आकार दाखवितें, कर्ता दाखवीत नाहीं. कर्त्याचा शोध छिन्नीच्या घावांत, चुन्याच्या नमुन्यांत व कागदांत घ्यावा लागतो.

दुसरा दाखला मुंबईचा. तेथील जुन्या कोरड्या गोद्या १७५० पासून पुढें टप्प्याटप्प्यानें बांधल्या गेल्या व डंकन गोदी १८१० मध्यें पुरी झाली. वाडिया घराण्यानें बांधलेलीं कॉर्नवॉलिस, ट्रिंकोमाली इत्यादि जहाजें याच आवारांतून निघालीं. त्या गोद्या नौदलाच्या आवारांत राहिल्यामुळें टिकल्या. याच्या उलट प्रिन्सेस गोदी १८८० मध्यें व व्हिक्टोरिया गोदी १८८८ मध्यें उघडली. १४ एप्रिल १९४४ च्या फोर्ट स्टिकीन जहाजावरील स्फोटानें त्यांची दाणादाण झाली, त्यांतून त्या पुनः उभ्या राहिल्या, आणि अखेरीस एकविसाव्या शतकांत पेट्यांच्या वाहतुकीसाठीं जागा हवी म्हणून भरून टाकण्यांत आल्या. स्फोटानें जें नाहीसें केलें नाहीं तें सोयीनें केलें. बांधकाम राखावें कीं त्यावर नवें उभारावें हा निर्णय लोकांनीं व सरकारनें करावयाचा. पण निर्णयापूर्वीं त्याचा पूर्ण त्रिमितीय ठसा घेऊन ठेवणें हें किमान कर्तव्य होय.

८. दुरुस्ती व पाठचिकित्सा

पोथीचें संपादन करणारा पंडित गळलेलें अक्षर भरतो तेव्हां तें कंसांत घालतो. मूळ अक्षर व आपलें अक्षर यांत भेद ठेवतो. बांधकामाच्या दुरुस्तीसही हाच दंडक लावावा. नवा चिरा बसवावयाचा तर लेसरच्या ठशावरून पोकळीचें नेमकें माप काढून यंत्रानें तसा दगड घडवितां येतो. पण त्याच्या मागील अंगास वर्ष कोरावें आणि कोणता दगड कधीं बदलला याची नोंद त्या त्रिमितीय आराखड्यांत करावी. असा आराखडा, ज्यांत बांधकामाचें रूप, त्याची हालचाल व त्यावरील प्रत्येक उपचार एकत्र नोंदला जातो, त्यास हल्लीं अंकीय जुळें म्हणतात. आमच्या मतें ती बांधकामाची बखरच होय, मात्र रोजच्या रोज लिहिली जाणारी.

सामानाविषयींही विवेक पाहिजे. चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरण्याची घाई पुष्कळ ठिकाणीं होते. चुना मऊ असतो, ओलावा बाहेर सोडतो, व बांधकाम किंचित् हललें तर तें सहन करतो. सिमेंट कठीण व कोंदट असतें, त्यामुळें ओलावा दगडांतच कोंडतो आणि सांध्याऐवजीं दगड फुटूं लागतो. म्हणून मूळ चुन्याचा नमुना तपासून, त्यांत सुरखी व वाळू किती हें पाहून, त्याच जातीचा चुना घालावा. पोकळ झालेल्या भिंतींत पातळ चुना दाबानें भरतात. तो कोठपर्यंत पोंचला हें रडारनें आधीं व नंतर पाहून ठरवितां येतें. जें काम पुढें उलगडतां येणार नाहीं तें शक्यतों करूं नये.

९. देवलमारीपासून कामाची रीत

या प्रदेशांत पाहणी करावयाची ती वर्षांतून दोन वेळां. वैशाखांत पाणी ओसरून खडक उघडे पडतात, तेव्हां छायाचित्रमापन व लेसर यांचें काम करावें. कार्तिक-मार्गशीर्षांत पूर उतरून पाणी निवळलेलें पण होडीस पुरेसें असतें, तेव्हां ध्वनिमापन करावें. खडकांत घेतलेल्या सुरुंगांचीं भोंकें, सरळ कापलेले कांठ, कालव्याचा बुजलेला खोलगट पट्टा, दरवाजाच्या खांचा व लोखंडी आंकड्यांसाठीं पाडलेलीं छिद्रें, ह्या मनुष्याच्या हाताच्या खुणा होत; नुसती सरळ रांग ही खूण नव्हे, कारण निसर्गही सरळ रांगा घालतो.

यंत्राबरोबर माणूसही विचारावा. पात्रांतील खडकांस ढिवर व नावाडी यांनीं दिलेलीं नांवें असतात. त्यांतील कांहीं मराठी, कांहीं तेलुगु, कांहीं गोंडी. इंग्रजी नकाशावर तींच नांवें कानावर पडलीं तशीं लिहिलेलीं आढळतात, व एकाच गांवाचें नांव तीन कागदांवर तीन प्रकारें येतें. हीं नांवें उच्चारासह ध्वनिमुद्रित करून त्या त्या खडकाच्या अक्षांश-रेखांशांशीं जोडावीं. नकाशा भूमीवर बसविण्यास यासारखें साधन नाहीं.

१०. संग्राहकांस विनंती

आतां मुख्य मुद्दा. या योजनेसंबंधीं कागद एके ठिकाणीं राहिले नाहींत, कारण मुलूखच वांटला गेला : कांहीं भाग मध्यप्रांतांत, कांहीं मद्रासेकडे, कांहीं निजामाच्या राज्यांत. त्यामुळें रिपोर्टांच्या छापील प्रती, हातानें रंगविलेले नकाशे, लॉकचे छेदचित्र, मजुरांच्या हजेऱ्या, सागवानाच्या व चुन्याच्या खरेदीचे कागद, अहेरी जमीनदारीशीं झालेला पत्रव्यवहार, असें जें कांहीं खासगी संग्रहांत असेल त्याचें मोल मोठें आहे. किरकोळ दिसणारा चुन्याच्या भट्टीचा हिशेब हा भिंतीची तारीख ठरविण्यास कित्येकदां सरकारी रिपोर्टाहून अधिक उपयोगी पडतो.

अशा कागदाची प्रतिमा घेतांना पुढील गोष्टी कटाक्षानें पाळाव्या. नकाशा घडीवर सपाट दाबूं नये. ओलसर हवेंत हळूहळू उलगडावा. प्रतिमा दर इंचास निदान ४०० बिंदूंची घ्यावी, व बारीक रेघांच्या आराखड्यास ६०० ची. चारी कडा, मागील बाजू, शिक्के व पेन्सिलीच्या खुणा वगळूं नयेत. शेजारीं मोजपट्टी ठेवावी, कारण जुना कागद आकसतो, आणि छापलेलें प्रमाण व आजची लांबी यांत फरक पडतो. फूट, साखळी, मैल हीं मूळ मापें तशींच उतरवावीं. मीटरांत केलेलें रूपांतर निराळ्या रकान्यांत द्यावें. प्रतिमेच्या नांवांत संग्रहाचें नांव व अनुक्रम असावा. शेवटीं, प्रतिमा एकाहून अधिक ठिकाणीं ठेवावी आणि मूळ कागद टाकून देऊं नये. प्रतिमा ही साक्षीची नक्कल आहे, साक्षीदार नव्हे.

११. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. अंकीय साधनें डोळ्यास न दिसणारें दाखवितात, हालचाल मोजतात व दुरुस्तीस शिस्त लावतात. परंतु कोणी, केव्हां व कां बांधलें हें तीं सांगत नाहींत. तें सांगणारा कागद अजून कोणाच्या तरी पेटींत आहे, आणि तो ज्या दगडाविषयीं बोलतो तो दगड अजून पात्रांत आहे. दोहोंची गांठ घालण्यास अवकाश आहे, पण तो अमर्याद नाहीं. नदीवर नव्या योजना येत आहेत व कागदास कसर लागतच आहे. प्राणहितेच्या कांठचें एक छेदचित्र वेळेवर उजेडांत आलें तर तें इतिहासास उपयोगी पडेल यांत नवल नाहीं. पण उद्यां त्या पात्रांत पाया घालणाऱ्या इंजिनियरास आणि त्या बांधकामाखालीं राहणाऱ्या गांवांसही तें उपयोगी पडेल. जुन्या कागदाचा इतका रोकडा उपयोग होण्याचा प्रसंग संशोधकांच्या वांट्यास क्वचितच येतो. तो दवडूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.